डोंगराची वहिवाट

ईस्टरच्या सकाळी लॉर्नानं स्वयंपाकघराचा पडदा सारला, तर समोरचं कुरण रिकामं होतं.

आदल्या संध्याकाळी ती लीड्सहून आली तेव्हा पावसानं काही दिसत नव्हतं. आता स्वच्छ ऊन पडलं होतं. विण्याच्या दिवसांत जिथं गाभण मेंढ्या जडपणे बसलेल्या असायच्या, तिथं एक डोमकावळा एकटाच चालत होता. गवत घोट्याच्या वर आलं होतं. एप्रिलमध्ये या कुरणात गवत वाढलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

बाबांचे रबरी बूट पायात अडकवून ती बाहेर पडली. मागचं कुरण पाहिलं, ओढ्याकाठचं पाहिलं. दोन गायी, डुकरीण, कोंबड्या सगळं जागच्या जागी होतं. मॉस साखळीला बांधलेला होता. बाबा असताना त्या कुत्र्याला साखळी ठाऊक नव्हती.

गोठ्यात आयझॅककाका यंत्राचा दांडा फिरवत गायींसाठी सलगम कापत होते. बाबांचे हे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, शेताच्या टोकाला दोन खोल्यांत राहिले, आणि उभा जन्म थोरला भाऊ, एडविन रेल्फ, सांगेल ते करत आले.

"काका, मेंढ्या कुठं आहेत?"

दांडा फिरत राहिला. काकांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. लॉर्ना उजवीकडे उभी होती.

"ग्रेअमला विचार."

"मी तुम्हाला विचारतेय."

"जेवताना विचार. सगळे असतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"गाडीत चढवायला दोन माणसं लागतात," काका म्हणाले, आणि त्यांनी पुढचा सलगम यंत्रात टाकला.

जेवण दुपारी बाराला असे. तोवरचा वेळ लॉर्नानं डोंगराच्या भिंतीपाशी काढला. भिंतीच्या अलीकडे रेल्फांची शेतं, पलीकडे हार्टरचा डोंगर. डोंगराला कुंपण नाही. पाच घरांच्या मेंढ्या त्यावर चरतात आणि कुणाची मेंढी कुणाच्या जागेत जात नाही. मेंढी आपल्या पिलाला पहिल्या उन्हाळ्यात आपल्या जागेत हिंडवते, इथं वळ, इथं पाणी, इथून पुढं नाही. ते पिलू मोठं झालं की आपल्या पिलाला हिंडवतं. खडकाळ सोंडेपासून मधल्या ओढ्यापर्यंतची रेल्फांची वहिवाट अशी मेंढ्यांच्या डोक्यात होती, आजोबांच्या आधीपासून. घरातल्या माणसांना ती इतकी नीट कधीच माहीत नव्हती.

घरी परतली तेव्हा टेबल मांडलेलं होतं. कांद्याच्या टरफलांत उकडून तपकिरी केलेली अंडी परडीत होती. भावाच्या मुलांना त्यांच्या आजोळी, जेनिसच्या आईकडे पाठवलं होतं. ईस्टरला मुलं घरात नाहीत, तेव्हाच तिला कळायला हवं होतं.

आई हॅम कापत होती.

"ईस्टरला हॅम?" लॉर्ना म्हणाली.

"तुला आवडतं ना."

"बाबांना चाललं नसतं. आज मटण हवं."

"बाबा नाहीत," ग्रेअम म्हणाला. तो हात धुऊन येत होता, बाह्या कोपरापर्यंत. तिचा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा, पण आता तिच्याहून थोरला दिसायचा.

"मेंढ्याही नाहीत."

ग्रेअमनं खुर्ची ओढली, बसला, रुमाल मांडीवर टाकला. "विकल्या. मार्चमध्ये. गाभण असताना गिऱ्हाईक मिळतं. व्यापाऱ्याची गाडी आली, चढल्या, गेल्या. बटाटे दे जरा, जेनिस."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बाबांना मातीत ठेवून महिना झाला होता."

"झाला होता ना? मग."

लॉर्नाला वाटलं आपण ओरडू, पण आवाज उलट खालीच गेला. "तुला कुणी अधिकार दिला?"

"पहाटे पाचला उठून धार काढायचा अधिकार पण कुणी दिला नव्हता. तो चालवतोच आहे."

"मला एक फोन करता आला नाही?"

"काय म्हणणार होतो आम्ही?" जेनिस म्हणाली. लॉर्नाची ही भावजय बोलताना हातातलं काम थांबवत नसे. आताही ती अंडं सोलत होती. "वाचनालयात आहेस का, लॉर्ना? बोलू शकतेस का? जरा मेंढ्यांबद्दल होतं."

"हो. तेवढंच म्हणायचं होतं."

"गेल्या वर्षी विण्याच्या वेळी तू किती रात्री शेडमध्ये होतीस? आडवं आलेलं पिलू कधी हात घालून काढलंयस, अलीकडे? मी काढलंय. तुझ्या बाबांचा हात थरथरायला लागला होता म्हणून मी काढलंय. माझ्या माहेरी मासे विकतात."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"तेच म्हणते मी. या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, कामं तेवढी सांगतात."

लॉर्ना भावाकडे वळली. "आणि आता पुढं काय? दुसऱ्या कुठल्या डोंगरावरच्या आणणार? इथं सोडल्यास तर संध्याकाळी शेजारच्या बर्केटांच्या अंगणात सापडतील. मेंढ्या बाजारात मिळतील रे, पण त्यांना इथली जागा कोण दाखवणार? तू?"

"मला डोंगर शिकवू नकोस." ग्रेअमनं काटा खाली ठेवला. "मी त्यावर तुझ्यापेक्षा जास्त चाललोय. म्हणूनच सगळ्या विकल्या. चार ठेवल्या असत्या तर चाराच्या आठ करत बसावं लागलं असतं. डोंगर सोडायचा. गायी, डुकरीण, कोंबड्या, थोडे ओट, सलगम. घर चालतं तेवढ्यावर."

"नाही चालत. मेंढ्यांच्या खतावर सलगम, सलगमावर गायी, गायींच्या ताकावर डुकरीण..."

"आणि या सगळ्यावर आम्ही," जेनिस म्हणाली. "आमच्यावर कोण ते सांग."

आईनं लॉर्नाच्या ताटात हॅमचे दोन तुकडे ठेवले. मेंढ्यांचा विषय निघाल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. लॉर्नानं तिच्याकडे पाहिलं. निदान आई तरी आपल्या बाजूनं एक शब्द बोलेल अशी आशा तिला अजून होती. आई ग्रेव्हीचं भांडं पुढं सरकवून बसली.

मग लॉर्नाला एकदम आठवलं. "किनाऱ्यावरच्या कुठं आहेत?"

त्या त्या वर्षी जन्मलेल्या माद्यांना दर नोव्हेंबरात खाली किनाऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याकडे पाठवायचे. पहिला हिवाळा त्यांना डोंगरावर झेपत नाही. ईस्टर झाला की त्या परत येत. त्या तरण्या मेंढ्या मागचा सगळा उन्हाळा आपापल्या आयांच्या मागं हार्टरवर हिंडल्या होत्या. त्यांना जागा माहीत होती. आता फक्त त्यांनाच.

"मंगळवारी व्यापारी तिथूनच उचलणार आहे," जेनिस म्हणाली.

"जेनिस," ग्रेअमनं दटावलं.

"कळणारच आहे ना तिला. आज नाही तर बुधवारी."

"त्या विकायच्या नाहीत," लॉर्ना म्हणाली.

"हात मिळवलाय मी त्याच्याशी."

"हात परत घे. त्या मला दे."

"कुठं ठेवशील? फ्लॅटच्या गॅलरीत? कुंड्यांमध्ये चरतील?"

जेनिसला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. ते दाबलेलं हसू पाहून लॉर्नाचा तोल गेला. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "तू वाट बघत होतास. बाबा कधी जातात आणि कधी हे सगळं झटकून मोकळा होतो याची तू किती वर्षं वाट बघत होतास, ते तेवढं सांग."

ग्रेअम पांढरा पडला. उत्तर मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आलं.

"त्याला बोलू नकोस." आयझॅककाका उभे राहिले होते. त्यांचा आवाज चढलेला लॉर्नानं कधी ऐकला नव्हता.

"तुम्हीच चढवल्यात ना गाडीत?"

"चढवल्या. एकेकीला नावानं ओळखत होतो, चढवल्या. पण त्याला बोलायचं नाही."

"का? तो असा कोण लागून गेला?"

काकांनी वहिनीकडे पाहिलं, आणि ते बसले.

आईनं सुरी ताटाच्या कडेला नीट ठेवली. "मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "विक म्हणून."

"आई, राहू दे," ग्रेअम म्हणाला.

"काय राहू दे. किती दिवस मूग गिळून बसशील?" आईनं लॉर्नाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो ताजा नव्हता. "तुला काय सांगितलं होतं आम्ही? बर्फात गवत घेऊन गेला, हृदय थांबलं, पडला. त्रास झाला नाही."

"हो."

"ते खरंच आहे. पण तेवढंच नाही. गवताचा गठ्ठा पाठीवर होता, सोडायला खाली घेतला आणि त्यावरच पडला. आयझॅकला खालून मेंढ्या दिसल्या, एका जागी गोळा झालेल्या. त्याला वाटलं, एडविन त्यांना चारतोय. म्हणून तो सावकाश गेला."

काका टेबलाकडे बघत होते.

"त्या खात होत्या," आई म्हणाली. "त्याच्या अंगाखालून गवत ओढून खात होत्या. गडबड नाही, काही नाही. टोपीखाली गवत होतं म्हणून एकीनं टोपी सरकवली होती. आयझॅकनं हाकललं तरी हटेनात. मलाही कळतं, मेंढी ती मेंढी, भुकेली होती, तिला काय ठाऊक. सगळं कळतं. पण त्यानंतर बर्फामुळं त्यांना समोरच्या कुरणात आणलं. रोज भांडी घासताना त्या समोर बसलेल्या, रवंथ करत, माझ्याकडे बघत. जन्मभर जेवण टाकून तो त्यांच्यामागं गेला. तुझ्या वेळी मी कळा देत होते तेव्हाही तो वरच होता. मी ग्रेअमला म्हटलं, या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या नाहीत तर मी जाते."

"मला का नाही सांगितलंत?" लॉर्ना म्हणाली.

"तू रडत होतीस. म्हटलं, निदान एकीला तरी नीट रडू दे."

यात माया होती, आणि लॉर्नाला तिचाच जास्त राग आला. सगळ्यांनी मिळून तिला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि म्हणे तिच्याच भल्यासाठी. तिनं बाबांवर लिहिलेल्या चार ओळी चर्चमध्ये वाचल्या होत्या, डोंगर आणि कळप आणि निष्ठा, आणि हे सगळे पहिल्या बाकावर बसून ऐकत होते. ते आठवून तिचे कान तापले.

आई सालींची बादली उचलून बाहेर गेली. थोड्या वेळानं लॉर्ना तिच्यामागं गेली.

डुकरीण कठड्यावर पाय टाकून उभी होती. आईनं बादली रिकामी केली आणि ती तिची पाठ खाजवत राहिली.

"तू चर्चमध्ये मला थांबवायचं होतंस," लॉर्ना म्हणाली.

"छान वाचलंस. त्याला आवडलं असतं."

"आई, किनाऱ्यावरच्या नोव्हेंबरपासून तिकडे आहेत."

"माहीत आहे मला."

"म्हणजे त्या दिवशी त्या तिथं नव्हत्या."

आईचा हात थांबला. "त्यांच्या आया होत्या."

"आया होत्या. त्या नव्हत्या."

"असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं."

लॉर्नाच्या मनात एक सोपं, गोड उत्तर आलं. तिनं ते दिलं नाही. "हो," ती म्हणाली. "तेच केलं असतं."

आईनं डुकरिणीची पाठ पुन्हा खाजवायला घेतली. मग म्हणाली, "त्यांनी केलं नसतं असं म्हणाली असतीस तर मंगळवारी त्या गेल्या असत्या." तिनं बादली उचलली. "एकट्यानं वर जायचं नाही. बर्फ असेल तेव्हा दोघांनी जायचं. दोघं नसतील तर उपाशी मरू देत त्यांना. हे मला सगळ्यांच्या तोंडून हवंय."

स्वयंपाकघरात जेनिस ताटं उचलत होती. आईनं दारातूनच सांगितलं, "ग्रेअम, त्या व्यापाऱ्याला फोन कर. किनाऱ्यावरच्या आपण ठेवतोय. पण बर्फात वर जायचं ते दोघांनी."

ग्रेअमला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला, आणि ते हसू ऐकवत नव्हतं.

"ठेवतोय. बरं. आणि कोण ठेवतंय?" त्यानं बहिणीकडे बोट केलं. "ही आली, एक रात्र झोपली, तुझ्याशी डुकरांपाशी दोन शब्द बोलली, आणि ठेवतोय? बर्केट माझ्याशी बोलत नाही, आई. रस्त्यात गाडी समोर आली तर मान वळवतो. बाजारात मी कठड्याशी उभा राहिलो की शेजारची माणसं सरकतात. बापाची माती बसायच्या आत कळप फुंकला म्हणतात. तोंडावर म्हणतात. मी एकालाही सांगितलं नाही का ते. एकालाही. तू म्हणालीस विक, मी विकल्या. आता तू म्हणतेस ठेव."

"त्या तिथं नव्हत्या," आई म्हणाली.

"मी होतो." त्याचा आवाज फाटला. "काका घरी धावत आले, पण बाबांना खाली मी आणलं. मला विचारलं का कुणी, मला काय बघवतं आणि काय नाही?"

जेनिसनं ताटं पुन्हा टेबलावर ठेवली आणि ती नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुपारपासून पहिल्यांदाच तिचे हात रिकामे होते.

"तुला नको असतील तर नको," आई शेवटी म्हणाली. "पण मग तसं म्हण. माझ्यासाठी विकतोय असं म्हणू नकोस. माझ्यापुरतं ते संपलं."

ग्रेअमनं लॉर्नाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग खिडकीबाहेर.

"नको आहेत असं नाही," तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून ओढून काढल्यासारखं आलं, आणि त्यामुळं तो आणखीच चिडला. "दोघांनी वर जायचं म्हणे. दुसरं कोण? काकांना त्या दिवसापासून वर चढवत नाही."

"मी," लॉर्ना म्हणाली.

"तुझी नोकरी?" जेनिसनं विचारलं. या खेपेला टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सोडीन, नाहीतर इथं कुठंतरी बघेन. अजून मला माहीत नाही. पण दुसरी मी."

ग्रेअमनं फोन उचलला आणि तो बाहेर अंगणात गेला. दार त्यानं आपटलं नाही. आतून फक्त दिसत होतं, तो येरझाऱ्या घालतोय, आणि समोरचा माणूस काय बोलत असेल ते निमूट ऐकून घेतोय.

मंगळवारी दोघं गाडी घेऊन किनाऱ्यावर गेले आणि संबंध रस्ता एक शब्द न बोलता परत आले. डोंगराच्या भिंतीतलं फाटक लॉर्नानं उघडलं. ग्रेअमनं ट्रेलर उलटा लावून फळी खाली टाकली.

काळपट तपकिरी, तरण्या, दाट लोकरीच्या मेंढ्या दारातच थबकल्या. वारा हुंगत उभ्या राहिल्या. मग एक उतरली, आणि तिच्यामागं बाकीच्या घाईघाईनं. भिंतीलगत कोवळं, हिरवं गवत होतं. त्याला त्यांनी तोंडही लावलं नाही. त्या सरळ चढत गेल्या. सोंडेच्या वर गेल्यावर पांगल्या, आणि पुढची एक मधल्या ओढ्यापाशी पोहोचली. ओढा वीतभर रुंद, पलीकडे अगदी तसंच गवत. ती तिथं थांबली, पलीकडे पाहिलं, आणि वळली. मागच्याही वळल्या.

लॉर्नाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"नोव्हेंबर ते एप्रिल," ग्रेअम म्हणाला. तो तिच्याकडे न बघता डोंगराकडे बघत होता. "शनिवार-रविवारचं चालणार नाही. बर्फ वार बघून पडत नाही."

"माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही." त्यानं फळी उचलून ट्रेलरला लावली, खिट्टी घातली. "आणि एक. बाबा कसे सापडले ते या घराबाहेर जायचं नाही. बर्केटला नाही, पाद्रीबाबांना नाही, कुणालाच नाही. लोकांना बाबा गवत घेऊन चाललेले आठवू देत."

"मग तुला असेच बोलत राहतील."

"बोलू देत."

"आणि मला विचारलं, लीड्स सोडून का आलीस, तर?"

ग्रेअमनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "काय सांगशील?"

"भावानं कळप विकला, म्हणून आले."

"तेच सांग," तो म्हणाला. "आणि चिडून सांग. नाहीतर कुणाला पटणार नाही."

तो गाडीत बसला आणि तिची वाट न बघता उतारानं निघून गेला. लॉर्नानं फाटक ओढून घेतलं. चिडून सांगणं अवघड जाणार नव्हतं; राग अजून सगळाच्या सगळा शिल्लक होता. फक्त तो कुणावर आहे, हे आता तिला सांगता आलं नसतं.